पुण्यात एफएम लागेल असा जपानी टेप : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, पुणे

निघण्याआधी नेमकं काय शोधायचं ते लिहून ठेवतो. समोर माल दिसला की मन भरकटतं, आणि बॅगेचं वजन ठरलेलं असतं.

माझ्या कपाटातले बहुतेक टू-इन-वन आखातातून आलेले आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांत ऐंशीच्या दशकात दुबईहून, मस्कतहून, कुवेतहून आलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टेप शोकेसमध्ये असायचा, वर भरतकाम केलेला रुमाल. ती सगळी एक्सपोर्ट मॉडेलं. मागे व्होल्टेज बदलायची चकती, एफएमची पट्टी ८८ ते १०८. आणले की आपल्याकडे सुखाने चालायचे. जपानने स्वतःच्या घरांसाठी जे बनवलं, तो मात्र वेगळाच संसार आहे. रंग, आकार, बटणांची ठेवण, डायलवरची अक्षरं, यातलं बरंचसं देशाबाहेर कधी आलंच नाही. ऐवाने १९६८ मध्ये टीपीआर-१०१ काढला, तो जपानचा पहिला रेडिओ-कॅसेट रेकॉर्डर. तिथून पुढची वीस वर्षं हा 'रादिकासे' तिथल्या घराघरांत होता.

हे संच इथे आणायला दोन अडचणी. वीज १०० व्होल्टची, आणि एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ. विजेची अडचण मोठी नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. एफएमचं दुखणं खरं. आपली पट्टी ८८ ला सुरू होते, म्हणजे दोघांत सामाईक जागा दोन मेगाहर्ट्‌झची. पुण्याची विविध भारती १०१ वर. काटा तिथवर पोचतच नाही.

वाट एकच आहे. जपानच्या जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीचे १, २ आणि ३ हे चॅनेल ९० ते १०८ मेगाहर्ट्‌झमध्येच होते. एफएमची पट्टी संपते तिथून टीव्ही सुरू. त्यामुळे काही कंपन्यांनी रेडिओचा काटा पुढे १०८ पर्यंत नेला आणि डायलवर 'टीव्ही १-३' असं छापलं, म्हणजे पडद्याशिवाय टीव्हीचा आवाज ऐकता यावा. असा संच मिळाला तर कुठलीही कॉइल न छेडता तो पुण्यात १०१ पकडेल. त्यात काही बदल करून तो पकडवायला मी तयार नाही. मला जसा बनवला तसाच हवा.

तपकीर गल्लीजवळ बसणाऱ्या काकांना सांगून आलो. पन्नास वर्षं रेडिओ उघडतायत. म्हणाले, "अरे, बंद पडलेला आण, चालेल. पण कुणी उघडून ठेवलेला आणू नकोस. बंद पडलेल्याला औषध आहे, बिघडवलेल्याला नाही."

१५ नोव्हेंबर, टोकियो

आकिहाबारा. युद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळा बाजार भरायचा, त्यातून ही पेठ उभी राहिली. त्या काळाची खूण रेल्वेच्या पुलाखालच्या रेडिओ सेंटरमध्ये अजून टिकून आहे. दोन हात पसरले तर दोन्हीकडच्या दुकानांना लागतील एवढी गल्ली, आणि प्रत्येक गाळ्यात एकच जिन्नस: एकाकडे फक्त स्विच, दुसऱ्याकडे फक्त ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्याकडे कनेक्टर. माल चाळून हातात घ्यायची मुभा. डायलचे छोटे दिवे, व्हॉल्यूमचे पॉट (नॉबमागचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग), डीसी जॅकमध्ये बसणाऱ्या जुन्या मापाच्या पिना घेतल्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा हात लावून ठेवून दिला, विमानात नेता येणार नाही.

इथे दुरुस्त करून चकचकीत केलेले रादिकासेही विकतात. काम उत्तम, किमतीही तशाच. त्यात शार्पचा जीएफ-७७७ होता. सहा स्पीकर, दोन कॅसेटी, उचलायचा तर कंबर सांभाळून. अमेरिकेतल्या हिप-हॉपच्या दिवसांत जे मोजके संच लोकांच्या डोळ्यांत भरले त्यातला हा एक. समोर उभा राहून पोटभर पाहिला. पण माझ्या पैशाची आणि बॅगेची जागा अशा वस्तूसाठी नाही. दुरुस्तीचा आनंद दुसऱ्याने घेऊन टाकलाय.

१८ नोव्हेंबर, नागोया

ओसू काननच्या देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. म्हणून प्रवासाच्या तारखा आजपासून मोजल्या: १८ ओसू, २१ क्योतोचं तोजी, २२ ओसाकाचं शितेन्नोजी, २५ पुन्हा क्योतोत कितानो तेनमानगू.

सकाळी लवकर गेलो. किमोनो, चिनी मातीची भांडी, सुतारकामाची हत्यारं, जुने कॅमेरे. विजेच्या वस्तू थोड्या. एक तोशिबा दिसला, पण अँटेना बुडातून तुटलेला, कॅसेटचं दार गायब, आणि मागचे दोन स्क्रू दुसऱ्याच जातीचे. स्क्रूची डोकी मी सगळ्यात आधी बघतो. मूळ स्क्रू एकसारखे असतात, खाचेत धूळ बसलेली असते. खाच चघळलेली दिसली की आत कुणाचा तरी हात फिरून गेलाय.

दुपारी देवळाशेजारच्या ओसूच्या इलेक्ट्रॉनिक्स गल्ल्या पालथ्या घातल्या. पुष्कळ वॉकमन, रादिकासे एकही नाही.

१९ नोव्हेंबर, नागोयाच्या बाहेर

आजचा दिवस हार्ड ऑफचा. निगाता प्रांतातून निघालेली ही जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानांची साखळी आता देशभर आहे, आणि शहराच्या पोटापेक्षा बाहेरच्या हमरस्त्यावरची दुकानं मोठी असतात. आत दोन भाग. काचेच्या कपाटांत तपासलेला, हमीचा माल. मागच्या बाजूला जंक: निळ्या क्रेटा आणि लोखंडी मांडण्या. जंकला परतावा नाही, तक्रार नाही. माझं सगळं लक्ष तिकडेच.

प्रत्येक वस्तूवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, आणि ती मन लावून वाचायची. 'त्सूदेन काकुनिन' म्हणजे वीज जाते एवढंच पाहिलंय. 'दोसा मिकाकुनिन' म्हणजे चालवूनच पाहिलेलं नाही. मला दुसरी चिठ्ठी जास्त आवडते. न चालवलेल्या संचात बरेचदा न उघडलेला संच असतो.

तपासायची माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, नव्याने हात घालणाऱ्याला उपयोग होईल.

आधी सेलचं झाकण. ते नसेल तर संच खाली ठेवायचा, कारण ते झाकण पुन्हा कुठे मिळत नाही. असेल तर उघडून वास घ्यायचा, स्प्रिंगा बघायच्या. पांढरी पूड नुसती वर साचलेली असेल तर साफ होते. हिरवा गंज तारेतून वर चढलेला असेल तर तो बोर्डापर्यंत गेलेला असतो. मग डायलची काच, नॉब, कॅसेटचं दार, अँटेनाची सगळी नळकांडी, हँडल. ही सगळी साच्यातून निघालेली अंगं, आणि ते साचे कधीच मोडीत गेले. पट्टा, कपॅसिटर, दिवा, मोटर, पिंच रोलर यांना आज ना उद्या पर्याय मिळतो. म्हणून आवाज येतो की नाही हे मी शेवटी बघतो. अंगाने धड आणि मुका, असा संच मला बोलणाऱ्या पण लंगड्या संचापेक्षा कधीही हवा.

मग दुकानातल्या तपासणीच्या टेबलाशी नेऊन वीज लावायची आणि प्ले दाबायचं. कॅसेट फिरत नाही, पण आतून मोटरची घुंघुं ऐकू येते? उत्तम. पट्टा गेला, मोटर जिवंत. अशा संचाची किंमत पट्ट्यामुळे पडलेली असते, आणि पट्टा ही सगळ्यात सोपी गोष्ट. डायलचा नॉब फिरवला आणि काटा जागचा हलला नाही तर आतला दोरा सुटलाय. तोही ओवता येतो, वेळखाऊ आहे इतकंच.

असाच एक लाल सान्यो यू-४ मिळाला. १९७९ मध्ये आलेलं मॉडेल, आडवं, सुटसुटीत, तरुण गिऱ्हाइकासाठी रंगांत काढलेलं. तोवर टेप म्हणजे चंदेरी नाहीतर काळा, अ‍ॅल्युमिनियमचा, बटणांनी खच्चून भरलेला. याने तो सगळा तोरा उतरवला. लाल रंग कुठेच पिवळा पडलेला नाही, फक्त हँडलखाली थोडा घासलाय. झाकण आहे, नॉब सगळे आहेत, मोटर गुणगुणते. ३,३०० येन. एफएम ९० वर संपतं, तेव्हा १०१ साठी उपयोग नाही, पण सोडवेना. रंगासाठी घेतला.

एक गोष्ट इथेच नोंदवावीशी वाटते. ही दुकानं आज असा माल विकू शकतात, ते सहज मिळालेलं नाही. विजेच्या उपकरणांच्या सुरक्षेचा नवा कायदा २००१ मध्ये लागू झाला. ठरावीक खूण नसलेल्या जुन्या उपकरणांची विक्री २००६ च्या एप्रिलपासून बंद व्हायची वेळ आली, आणि त्यात जुने अ‍ॅम्प, सिंथेसायझर सगळेच सापडले. संगीतकार र्‍युइची साकामोतो आणि इतर कलावंतांनी सह्यांची मोहीम चालवली. अखेर सरकारला जुन्या वस्तूंसाठी वाट काढून द्यावी लागली. तसं झालं नसतं तर या मांडण्यांवरचा निम्मा माल भंगारात गेला असता.

२१ नोव्हेंबर, क्योतो

तोजीचा 'कोबो-सान' बाजार दर २१ तारखेला, बौद्ध भिक्षू कोबो दाइशी यांच्या पुण्यतिथीच्या तिथीला. पाच मजली पॅगोडाच्या पायथ्याशी मैदानभर पाल. गर्दी आपल्या जत्रेसारखीच, फक्त आवाज कमी.

बाजारात रादिकासे कमी मिळतात, पण मिळतो तो थेट कुणाच्या तरी घरून आलेला असतो. वृद्ध माणूस गेला, घर रिकामं करायचं आहे, तेव्हा सगळं सामान एकरकमी विकलं जातं आणि दुसऱ्या आठवड्यात इथे पालाखाली येतं. दुकानात पोचेपर्यंत वस्तू दोनचार हातांतून जाते. इथे ती पहिल्याच हातात असते. म्हणून चार तास पाय तुटेपर्यंत हिंडणं मला पटतं.

एका कोपऱ्यात भांड्यांच्या पेटीशेजारी नॅशनलचा मोनो रादिकासे होता, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातला. काळा, चौकोनी, एकच मोठा स्पीकर, कातडी पट्टा. आत एक कॅसेट तशीच. विक्रेते आजोबा सत्तरीच्या पुढचे. फोनवरून भाषांतर करत विचारलं, "चालतो का?" ते म्हणाले, "मला माहीत नाही. तुम्ही दुरुस्त करणार का?" हो म्हटल्यावर त्यांनी संच दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि कॅसेटकडे बोट दाखवून सांगितलं, "हीसुद्धा घेऊन जा. त्याच घरातली आहे." २,००० येन. घासाघीस करावीशी वाटली नाही.

कॅसेटच्या पट्टीवर पेनाने 'एसएल' आणि 'शोवा ४९' असं लिहिलंय. म्हणजे १९७४, आणि एसएल म्हणजे वाफेचं इंजिन. त्या काळात जपानात वाफेची इंजिनं शेवटच्या फेऱ्या मारत होती. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांच्या नेहमीच्या प्रवासी गाड्या संपल्या. लोक टेप खांद्याला लावून घाटांत, स्टेशनांवर त्यांचा आवाज टिपायला जायचे. पक्ष्यांचे, सणांचे, समुद्राचे आवाज टिपणारेही होते. 'नामारोकु', म्हणजे जागेवर जाऊन खरे आवाज टिपणं, हा त्या पिढीचा छंदच होता. या मशिनला कातडी पट्टा का आहे, ते यातून कळतं.

२२ नोव्हेंबर, ओसाका

सकाळी शितेन्नोजीचा बाजार, हाती काही नाही. दुपारी निप्पोनबाशी, ओसाकातली इलेक्ट्रॉनिक्सची पेठ. तिलाच देन देन टाउन म्हणतात. तिथे आता खेळणी आणि कार्डांची दुकानं जास्त, पण आडगल्ल्यांत जुन्या मालाची दुकानं टिकून आहेत. त्यातल्या एका अरुंद दुकानात, वरच्या फळीवर, सोनीचा दोन कॅसेटींचा काळा स्टिरिओ. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. स्टुलावर चढून डायल पुसला. एफएमची अक्षरं ७६ ला सुरू होऊन ९० ओलांडून पुढे गेली होती, आणि खाली बारीक ठशात: टीव्ही १, २, ३.

यासाठीच आलो होतो.

काटा खरंच तिथवर जातो का, हे पाहणं सोपं होतं. अ‍ॅनालॉग टीव्ही जुलै २०११ मध्ये बंद झाला. मोकळ्या झालेल्या ९० ते ९५ च्या जागेत मीडियम वेव्हच्या स्टेशनांनी एफएमवरही प्रसारण सुरू केलंय. ओसाकात ९०.६ आणि ९३.३ अशी स्टेशनं लागतात. पूर्वी ज्या जागी एक नंबरच्या चॅनेलची हद्द होती, तिथेच. मालकांनी वायर लावून दिली. काटा ९० च्या पुढे सरकवला. आधी खरखर, मग पुरुषाचा आवाज, मग जाहिरातीचं गाणं. स्टिरिओचा लाल दिवा लागला. मालक मान डोलावून म्हणाले, "हा भाग आता कुणी वापरत नाही." मी भारतातली पट्टी सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडून १०१ आकडा कागदावर लिहून घेतला.

दोन्ही कॅसेटी मुक्या, मोटर सुरू. स्क्रू मूळचे. सेलचं झाकण आहे. उजव्या स्पीकरच्या जाळीला पोचा पडलाय, तो मी आतून काढेन. ५,५०० येन.

२५ नोव्हेंबर, क्योतो

कितानो तेनमानगू. काही घेतलं नाही. पिवळी पडलेली गिंको झाडं डोळे भरून पाहिली.

२६ नोव्हेंबर, ओसाका

बांधाबांध. अँटेना पूर्ण आत, त्यावर कागद आणि मग चिकटपट्टी. नॉबांच्या भोवती फोमचं कडं, म्हणजे दाब आला तर तो कडेवर पडावा. नॉब दाबला गेला की आतल्या पॉटची दांडी बोर्डावरचं डाख तोडते. सेल सगळे बाहेर. कॅसेटीच्या पोकळीत मऊ कागद, नाहीतर दार आपटून बिजागरी जाते. सोनी माझ्यासोबत केबिनमध्ये. बिलं एका पाकिटात, कस्टमने विचारलं तर समोर ठेवायला.

जर्मनीत राहणाऱ्या मित्राचा निरोप आला, तिथे ये म्हणतो. तिथलं २३० व्होल्ट आणि ८७.५ पासूनचं एफएम आपल्याला जसंच्या तसं चालतं, ग्रुंडिग आणि टेलिफुंकन रविवारच्या बाजारात मिळतात. त्यातल्या जुन्या काही संचांचा डायल १०४ ला संपतो, तरी १०१ त्यात येतं. सोपं आहे, हे मान्य. पण माझा जीव जपानी डायलांत अडकलाय.

७ डिसेंबर, पुणे

काकांच्या टेबलावर नॅशनल उघडला. आतला पट्टा डांबर होऊन फ्लायव्हीलला आणि पुलीच्या खाचेला चिकटला होता. लाकडी काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोळा फिरवत राहिलो. हे काम घाईचं नाही. खाचेत एक कण राहिला तरी प्रत्येक फेरीला आवाज डुलतो. पट्ट्याचं माप सुतळीने घेतलं: सगळ्या पुलींवरून दोरा फिरवून लांबी मोजायची आणि नवा पट्टा त्याहून थोडा आखूड घ्यायचा, म्हणजे ताण बसतो. फार आखूड घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर भार येतो.

सेलच्या डब्यातली पूड जुन्या झिंक-कार्बन सेलांची होती, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघाली. अल्कलाइन सेल गळले असतील तर उलट, व्हिनेगर लागतं.

हेड पुसलं, आणि एसएलची कॅसेट लावली. आधी वारा. कुणीतरी दोन शब्द जपानीत बोललं. मग लांबून शिट्टी, आणि चढावर येणाऱ्या इंजिनाचे ठोके, एकेक सुटा, हळूहळू जवळ. काकांनी हातातलं सोल्डरिंग खाली ठेवलं. म्हणाले, "भोर घाट." त्यांचे वडील रेल्वेत होते, हे मला आजवर माहीत नव्हतं. कॅसेट संपेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं त्यांनी.

१४ डिसेंबर, पुणे

सोनी. याला ट्रान्सफॉर्मर लावलाच नाही. आठ मोठे सेल म्हणजे १२ व्होल्ट, तेव्हा डीसी जॅकमधून १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा दिला. आधी ध्रुव तपासला. जुन्या जपानी संचांत मधली पिन बरेचदा ऋण असते, आजकालच्या अ‍ॅडॉप्टरच्या नेमकी उलटी. संचावरची आकृती बघितल्याशिवाय पिन खुपसायची नाही.

दोन्ही डेकचे पट्टे बदलले. वेग ३,००० हर्ट्‌झच्या चाचणी कॅसेटने पाहिला. आवाज थोडा चढा होता, मोटरच्या मागच्या छिद्रातून बारीक पेचकसने ट्रिमर केसभर फिरवला, आकडा जागेवर आला. जाळीचा पोचा आतून लाकडी ठोकळ्याने दाबत दाबत सरळ केला. बोट फिरवलं तर कळतो, डोळ्याला नाही.

मग रेडिओ. आधी मीडियम वेव्ह, कारण तिथे जपानचं आणि आपलं जमतं, दोन्हीकडे स्टेशनांत ९ किलोहर्ट्‌झचं अंतर. आकाशवाणी पुणे ७९२ वर स्वच्छ. मग एफएम. ९० ओलांडलं, 'टीव्ही १' ओलांडलं. ९८.३ आलं. 'टीव्ही २' च्या अखेरीस, जिथे चाळीस वर्षांपूर्वी ओसाकातल्या कुणी एनएचकेचा, म्हणजे जपानच्या सार्वजनिक टीव्हीचा, आवाज ऐकला असेल, तिथे विविध भारती. स्टिरिओचा दिवा लागलेला.

काका म्हणाले, "काही केलंस का आत?"

"नाही काका. तसाच आहे, बनवला तसा."

"मग लाव मागचं झाकण. मूळचेच स्क्रू लाव."

राहिलेलं काम: डाव्या बाजूचा आवाज अधूनमधून जातो. रेकॉर्ड-प्लेचा लांब स्लाइड स्विच काळा पडलाय, तो क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा सरकवायचा. त्याने भागलं नाही तर डाख काढून उघडायचा. सान्योचा पट्टा चौकोनी लागेल, माप घेऊन ठेवलंय, पुढच्या शनिवारी.